चंद्र काढायचा तर रात्र हवी

(माजिवडा, ठाणे येथे कोजागरीच्या रात्री झालेल्या कार्यक्रमातल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



दूध आटेपर्यंत बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. म्हणजे वेळेचा अंदाज तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त. विषय दिलाय ‘चंद्र आणि चित्रकला’. चंद्र केव्हाच उगवलाय, पण अजून समोरच्या टॉवरमागे आहे. आपल्या गच्चीवर तो नऊच्या सुमाराला येईल. तोपर्यंत मी त्याच्याबद्दल त्याच्या माघारीच बोलणार.

वर येताना जिन्यात तुम्हा प्रत्येकीच्या हातात एक कार्ड आणि पेन्सिल दिली आणि दोन मिनिटांत चंद्र काढा असं सांगितलं. सगळ्यांनी आधी काय म्हटलं आठवतंय? “अहो बाई, मला चित्रकला येत नाही.” हे म्हणणाऱ्यांतल्या निम्म्याजणी सकाळी उठून दारात रांगोळी काढतात, ठिपके न मोजता काढतात. तरी त्यांना चित्रकला येत नाही. ते असो. कार्डं मी चाळली. आज कोजागरी, डोक्यावर अख्खा गोल चंद्र, आणि बहुतेकींनी काढलीय कोर! काहीजणींनी कोरीच्या पोटात एक चांदणीही बसवली आहे. कोरीचं पोट म्हणजे चंद्राचाच अंधारातला भाग. तिथे चांदणी दिसायची तर ती चंद्राच्या अलीकडे यायला हवी. हसू नका, माझ्या शाळेतली मुलंही हेच काढायची, आणि मीही लहानपणी हेच काढलं असणार. आणखी एक गोष्ट दिसली. एकाही कार्डावर नाव नाही. कोणतं कुणाचं, आता मलाही सांगता येणार नाही.

ही कोर आली कुठून? आपण ती आकाशात पाहून काढलेली नाही. ती आपल्या हातात आधीच आहे.

माझ्या हातात ती आईकडून आली. कल्याणला पारनाक्याजवळच्या एका वाड्यात आम्ही राहायचो. चैत्रातल्या शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर आई रोज अंगणात चैत्रांगण काढायची. सारवलेल्या जमिनीवर मधोमध गौरीचा देव्हारा, मग शंख, चक्र, गोपद्मं, तुळशीवृंदावन, कासव, नाग, हत्ती, करंडा, आरसा, फणी. आणि वर दोन बाजूंना सूर्य आणि चंद्र. चिमटीतून रांगोळी अशी सुटायची की रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. सूर्याला ती किरणं द्यायची, चंद्राला कोर. शेवटी हळदकुंकू. संध्याकाळपर्यंत पोरं, कोंबड्या, पाहुणे त्यावरून जायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा पहिल्यापासून. महिन्यात तीस चित्रं. मी पुढे चित्रकला शिकायला गेले तेव्हा मोठ्या चित्रकारांच्या सरावाच्या गोष्टी ऐकून माझ्या वर्गमित्रांना नवल वाटायचं, मला वाटायचं नाही.

मी अकरा वर्षांची असताना वडील गेले. पुढच्या चैत्रात आईनं अंगण सारवलं आणि रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला. काढू नकोस असं तिला कुणी मोठ्यानं म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. म्हणायची गरज नव्हती. गौर सवाष्णीची, अंगण सवाष्णीचं. कपाळावरचं कुंकू गेलं तसा अंगणातला चंद्रही गेला. ती दारात चौकटीला टेकून उभी राहायची आणि मला सांगायची, “फणीचे दात सरळ नाहीत. चंद्र खाली आलाय, वर घे.” तिचे हात पदरात गुंडाळलेले असायचे. मी फार वाईट काढायचे. तिला ते बघवत नसणार, पण ती रोज उभी राहायची. तिच्या हातचं चैत्रांगण मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या बाईचा हात थांबला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

२०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला बांगड्या-कुंकवाच्या आधी तो रांगोळीचा डबा आठवला.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. आज पालघर वेगळा आहे, पण २०१४ पर्यंत डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा सगळं ठाण्यातच होतं. वारल्यांच्या घरात लग्न असलं की आतल्या कुडाच्या भिंतीवर चौक लिहितात. काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात. भिंत शेणानं सारवायची, तिला गेरूचा हात द्यायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीचं टोक चावून तिचा कुंचला करायचा. चौकात पालघट देवी. तिच्याभोवती नक्षीच्या चौकटीवर चौकटी. आणि तिथेही सूर्य, चंद्र, शिडी, फणी. कल्याणच्या ब्राह्मणाच्या अंगणात आणि डहाणूच्या आदिवासीच्या कुडावर, दोन्हीकडे चंद्राजवळ फणी. ह्याचा अर्थ लावायला मी संशोधक नाही. पण दोन्हीकडे त्या बायकांनी रोजच्या वापरातली वस्तू देवाच्या पंगतीला नेऊन बसवली आहे, एवढं मला दिसतं.

हा चौक लिहायचा मान सवाशिणींचा. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लागतं. आपल्या माजिवड्याच्या गावठाणातल्या जुन्या घरांना हे नवं वाटणार नाही, कारण ठाणे-रायगडच्या आगरी लग्नातही धवलारीण असतेच. म्हणजे लग्न लावणारी बाई, चौक लिहिणारी बाई. इथपर्यंत मला अभिमान वाटतो. पण सवाशिणीचाच मान, हा शब्द आला की मला माझी आई चौकटीला टेकलेली दिसते.

पुढची गोष्ट तुमच्यातल्या काहीजणींना ठाऊक असेल. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर जाऊ लागले. त्यांनी वारल्यांना कागद आणि रंग दिले, भिंतीवरचं चित्र मुंबई-दिल्लीला पोचलं. जिव्या सोमा म्हसे ह्यांचं नाव त्यातून जगभर गेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. मोठा कलावंत. लग्नाच्या चौकाबाहेर पडून त्यांनी मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, शेत, आगगाडी सगळं त्या पांढऱ्या रेघेत आणलं. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण मला एक प्रश्न गेली कित्येक वर्षं सोडत नाही. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६६-६७ च्या दुष्काळात, बिहारमध्ये मिथिलेला गेले होते. तिथेही बायका भिंतीवर लग्नाची चित्रं काढायच्या, तिथेही त्यांनी कागद दिले. तिथून कोणाची नावं आली? जगदंबा देवी, पद्मश्री १९७५. सीता देवी, १९८१. गंगा देवी, १९८४. सगळी बायकांची नावं. आणि आपल्याकडे हजारो वर्षं म्हणा, शेकडो वर्षं म्हणा, चौक लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी तुम्हाला एक तरी नाव सांगता येईल का? मला येत नव्हतं. मी चित्रकलेची शिक्षिका.

गंमत बघा, मिथिलेतल्या त्या बऱ्याचशा बायका पडद्यातल्या, उंबऱ्याबाहेर पडायची मारामार. वारली बाया शेतात, रानात, बाजारात मोकळ्या फिरणाऱ्या. तरी नाव झालं पडद्यातल्यांचं. माझी समजूत अशी की मिथिलेत कागद बाईच्या हातात, घरात जाऊन पोचला आणि चित्राचे पैसेही तिथेच आले. इकडे कागदावरचं चित्र हा एक नवा धंदा झाला. त्यासाठी शहरात जायचं, मुक्काम करायचा, साहेबांशी बोलायचं, आणि हे सगळं करायला मोकळा कोण असतो हे तुम्हाला सांगायला नको. चौक सवाशिणीकडे राहिला, सही पुरुषाकडे गेली. आता वारली बायकाही कागदावर, कापडावर चित्रं काढतात, विकतात, शिकवतात. बरं वाटतं. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळालं, म्हणजे ही कला कुठली ते कागदोपत्री ठरलं. कुणाच्या हातची, तो प्रश्न अजून बाकी आहे. पुढच्या वेळी एखाद्या पुलाखालच्या भिंतीवर किंवा हॉटेलच्या दारात वारली चित्र दिसलं तर त्यातला चंद्र बघा आणि खाली कोपऱ्यात कोणाचं नाव आहे तेही बघा. बहुतेक वेळा रंगाच्या कंपनीचं असतं.

चंद्र दगडावरही कोरलेला आहे, आणि तिथला मला आवडत नाही. ठाणं म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक, त्यामुळे आपल्या भागात त्यांच्या काळचे दानाचे दगड सापडतात. वर सूर्य आणि चंद्र. म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत हे दान टिको. मध्ये लेख. आणि खाली? खाली एक गाढव आणि एक बाई, आणि जे कोरलंय ते मी ह्या गच्चीवर लहान मुलींसमोर सांगत नाही. अर्थ असा, की जो हे दान मोडील त्याच्या आईवर ही वेळ येवो. ह्याला गधेगाळ म्हणतात. जमीन राजाची, दान राजाचं, मोडणारा कोणी सरदार. आणि शिक्षा त्याच्या आईला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात असा दगड पहिल्यांदा पाहिला तेव्हा बरोबरचे मार्गदर्शक वरच्या चंद्राची कोर किती रेखीव आहे ते सांगत होते. सतीच्या शिळांवरही तसंच. बांगड्या भरलेला एक हात कोपरात वाकवून वर उचललेला, आणि वर चंद्रसूर्य. बाई जळाली, बांगड्या शाबूत, साक्षीला चंद्र. तेव्हा चंद्र म्हणजे सौंदर्य, शीतलता, प्रेम असं कोणी सांगायला लागलं की मी थोडी सावध होते.

राजा रवि वर्मांचं ‘चांदण्यातली स्त्री’ हे १८८९ सालचं चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. सुंदर चित्र आहे, चांदणं अंगावर कसं पडतं हे त्यांनी फार छान पाहिलंय. पण आपल्या घरातल्या कॅलेंडरांवर, साबणाच्या जाहिरातींत, सिनेमात पुढे काय राहिलं? चांदणं पडायला एक बाई. चंद्र तिला पाहतोय, चित्रकार तिला पाहतोय. ती चंद्राकडे पाहून हातात पेन्सिल घेतेय असं चित्र मी शोधत असते. तुम्हाला सापडलं तर मला कळवा.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण आजचं बोलणं खरं त्यासाठीच आहे.

मी ठाण्यात शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. गणिताचे सर परीक्षा जवळ आली की माझे तास मागून घ्यायचे, तेव्हा खरी वीस धरा. १९९३ सालच्या मार्गशीर्षात मी सातवीच्या वर्गाला एक काम दिलं. पावसाळा संपलेला, आकाश स्वच्छ. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत महिनाभर रोज चंद्र पाहायचा आणि वहीच्या एका पानावर काढायचा. दिसला तसा काढायचा, पाठ आहे तसा नाही. खाली तिथी आणि वेळ लिहायची. मला वाटलं, वा, काय छान उपक्रम सुचलाय.

महिन्यानं वह्या आल्या. मुलांच्या वह्या बऱ्याचशा भरलेल्या. मुलींच्या वह्यांत पौर्णिमेपर्यंतची पानं मुलांपेक्षा चांगली, नीट, सावली देऊन काढलेली. पौर्णिमेनंतर एक पान, फार तर दोन. पुढे कोरं. एकीचं नाही, जवळजवळ सगळ्यांचं. मी चिडले. आळशी झालात, सुट्टीत टीव्ही बघत बसलात, असं बरंच बोलले. मुली खाली मान घालून उभ्या. शेवटी एक हळूच म्हणाली, “बाई, नंतर तो उशिरा येतो ना.”

चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पुस्तकात मीच ते शिकवत होते. शुक्ल पक्षात तो संध्याकाळीच आकाशात असतो, खिडकीतून दिसतो, नळावरून दिसतो. पौर्णिमेला दिवेलागणीला उगवतो. मग साडेसात, मग साडेआठ, साडेनऊ, पुढे मध्यरात्र. मुलगे चाळीच्या चौकात, नाक्यावर, मैदानात. मुलींना सातच्या आत घरात. मुलांच्या वहीत चंद्राच्या दोन्ही बाजू होत्या. मुलींच्या वाट्याला चंद्राचा अर्धा महिना आला होता, आणि त्या अर्ध्या महिन्यासाठी मी त्यांना आळशी म्हटलं होतं.

एकीची वही मात्र भरलेली होती. तिचं नाव सांगत नाही, ती आता चांगली चाळिशी ओलांडलेली बाई आहे आणि तिची परवानगी मी घेतलेली नाही. तिच्या वहीत कृष्ण पक्षातली पानंही होती. पण मला वाटलं, ही खोटी काढलीत. कारण शेवटच्या तीन-चार पानांवर कोर उलटी होती! पोट डावीकडे. मी लाल पेन्सिलीनं त्यावर फुली मारली आणि बाजूला लिहिलं, ‘नीट निरीक्षण करा.’ वही परत घेताना ती म्हणाली, “बाई, सकाळी तो असाच असतो.”

“सकाळी कुठे असतो चंद्र?”

“पाच वाजता. आमच्या नळावर नंबर लावायला जाते ना, तेव्हा.”

मग मी नीट पाहिलं. प्रत्येक पानाखाली वेळ लिहिली होती, पाच, पाच दहा, पावणेपाच. एका पानावर कोरीच्या खाली काही आडव्या गोलट रेघा होत्या. मला ते डोंगर वाटले होते. ती हंड्यांची रांग होती.

मी दुसऱ्या दिवसापासून पाचला उठायला लागले, पण तेव्हा पुन्हा शुक्ल पक्ष सुरू झाला होता. पंधरावडा उलटायची वाट पाहावी लागली. कृष्ण द्वादशीला पहाटे पूर्वेला चंद्र दिसला. बारीक कोर, पोट डावीकडे खाली झुकलेलं, सूर्य जिथून यायचा तिकडे. आणि कोरीच्या आतला उरलेला चंद्रही फिकट राखाडी दिसत होता. तो पृथ्वीवरून परत गेलेला उजेड. चित्रकलेची पदविका, बारा वर्षं नोकरी, आणि पहाटेची कोर मी आयुष्यात पहिल्यांदा लक्ष देऊन पाहत होते. वर्गात जाऊन मी ती फुली खोडली. खोडली म्हणजे काय, लाल पेन्सिल नीट जात नाही. डाग राहिला. सगळ्या वर्गासमोर मी तिला फळ्यावर ती कोर काढायला लावली आणि खाली तिचं नाव लिहायला लावलं. ती लाजली, पण लिहिलं, आडनावासकट.

आता थोडं कामाचं. चंद्र काढायचा कसा हे विचारलंत तर पहिली गोष्ट, उजेडाची बाजू नेहमी सूर्याकडे. संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली तर पोट उजवीकडे खाली, पहाटे पूर्वेला दिसली तर डावीकडे खाली. आपल्या अक्षांशावर वर्षातल्या काही महिन्यांत ती चक्क होडीसारखी आडवी असते, आपण कपाळावर काढतो तशीच. म्हणजे ती कपाळावरची कोर कुणीतरी कधीतरी पाहूनच काढलेली होती. दुसरी गोष्ट, उगवताना चंद्र प्रचंड दिसतो म्हणून मोठा काढू नका. हात लांब करून करंगळीचं टोक त्याच्यावर धरा, तो पूर्ण झाकला जातो. तासाभरानं पुन्हा धरा, तेवढाच. मोठा दिसतो तो आपल्या मनात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. कुडावर वारलीण चंद्र लिहिते तेव्हा भिंत काळोखी असते आणि ती पिठानं उजेड आणून ठेवते. कागदावर उलटं. कागद आधीच पांढरा आहे, पांढरा रंग चंद्रावर लावायचा नाही. चंद्राला हात न लावता भोवतालची रात्र भरायची. कोळसा घ्या, साधी मऊ शिसपेन्सिल घ्या, आणि अंधार भरत भरत कडेपर्यंत या. जेवढी रात्र तुम्ही काढाल तेवढा चंद्र उजळ होतो. शाळेत हे सांगितलं की मुलं आधी घाबरत घाबरत फिकट भरायची. मी म्हणायचे, अजून काळं कर, फाटत नाही कागद.

पण रात्र भरायची तर ती पाहायला हवी, आणि त्यासाठी उभं राहायला जागा हवी. माजिवड्यात आता रस्त्यावरून चंद्र दिसणं कठीण आहे. उड्डाणपूल, मेट्रोचे खांब, घोडबंदर रस्त्याचे दिवे, आणि चहूकडे टॉवर. दोन इमारतींच्या फटीतून तो दहा-पंधरा मिनिटं जातो. ह्या घरांत राहायला येणाऱ्या आपल्यासारख्यांना एकच आकाश उरलंय, ते म्हणजे ही गच्ची. आणि गच्चीला कुलूप.

आमच्या सोसायटीतली गोष्ट सांगते. तुमच्याकडे वेगळं असेल तर बरंच आहे. कोजागरीला गच्ची उघडते, कारण कार्यक्रम कमिटीचा. चार दिवसांनी पुन्हा उघडते. आमच्याकडे उत्तर हिंदुस्थानी कुटुंबं बरीच आहेत, त्यांच्या बायकांची करवा चौथ असते. दिवसभर पाणीही न पिता राहिलेल्या त्या मैत्रिणी चाळणीतून चंद्र पाहतात, नवरे सोबत असतात, फोटो निघतात. त्याच दिवशी आपली संकष्टी. आपणही कालनिर्णयात चंद्रोदय बघून स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान वाकडी करून पाहतो. म्हणजे कृष्ण पक्षातला चतुर्थीपर्यंतचा चंद्र आपल्याला मंजूर आहे, नवऱ्याच्या आयुष्यासाठी आणि उपास सोडण्यासाठी. गेल्या वर्षी मी पंचमीला सेक्रेटरींकडे किल्ली मागायला गेले. “कशाला?” म्हणाले. मी म्हटलं, चंद्र काढायचाय. ते म्हणाले, “काकू, काल होता ना कार्यक्रम.” माणूस वाईट नाही. सुरक्षेचा प्रश्न आहे, कोणी पडलं-बिडलं तर जबाबदारी कोणाची, रात्री बायका एकट्या वर, लोक काय म्हणतील. मी बासष्ट वर्षांची होते. वरच्या मजल्यावरचे तीन कॉलेजचे मुलगे त्याच आठवड्यात रात्री अकराला गच्चीवर गिटार वाजवत होते. किल्ली त्यांच्याकडे कुठून आली ते मी विचारलं नाही, कारण मग त्यांचीही काढून घेतली असती.

मी आईला पुष्कळ वर्षांनी एकदा विचारलं होतं, तुला चैत्रांगण काढावंसं वाटायचं का गं? ती म्हणाली, “हात शिवशिवायचे.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “मी पोळपाटावर काढायची.” कणकेच्या पिठात, बोटानं. पोळी लाटायच्या आधी. कासव, फणी, चंद्र. आणि वरून पोळी लाटायची. सात जणांच्या पोळ्या, दोन वेळच्या. आम्ही रोज ते जेवत होतो आणि आम्हाला ठाऊक नव्हतं.

दूध आटलेलं दिसतंय, वास आला. आणि तो बघा, टॉवरच्या कडेनं उजेड आला, दोन मिनिटांत दिसेल. कार्डं मी परत वाटते. दुसऱ्या बाजूला पुन्हा काढा, ह्या वेळी बघून काढा, आणि खाली नाव लिहा. सौ., श्रीमती काही नको. ज्यांना ससा दिसतो त्यांनी ससा काढा, ज्यांना नुसते डाग दिसतात त्यांनी डाग काढा.

आणि एक काम राहिलं. येत्या पंचमीला चंद्रोदय साडेनऊ-दहाच्या आसपास असेल, कालनिर्णयात बघून घ्या. त्या रात्रीसाठी ह्या गच्चीची किल्ली मागायला माझ्याबरोबर कोण कोण येतंय? चौघी-पाचजणी असल्या तर बरं. अर्ज लिहून आणला आहे, सह्या करायला इथेच टेबलावर ठेवते. पेन्सिली आणि कोळसा मी आणीन, पुठ्ठा आपापला आणा.